नळाचा फोटो

गावाच्या वेबसाइटचं उद्घाटन होतं. पडद्यावर सरपंचांचे फेटेवाले फोटो संपता संपत नव्हते. पाणी कोणत्या वारी येणार, एवढंच द्वारकाकाकूंना पाहायचं होतं; ते कुठंच दिसेना.

दिसला तो त्यांचाच फोटो. धो धो वाहणाऱ्या नळाखाली हंडा धरून त्या हसत होत्या. खाली लिहिलं होतं, ‘घरोघरी पाणी’.

काकूंना शिसारी आली. फोटो काढला त्या दिवशी नळ कोरडाच होता. फोटोवाल्यानं काकूंचीच भरलेली कळशी नळामागच्या पाइपात ओतायला लावली होती आणि वर चहाही ढोसला होता.

“हे धादांत खोटं आहे!” काकू ओरडल्या.

“तक्रार वेबसाइटवर करा की, काकू,” सरपंच गोड हसले.

काकूंनी तिथल्या तिथं मोबाइलवर सगळं लिहून बटण दाबलं. उत्तर लगेच आलं:

‘आपली तक्रार सरपंचांनी मंजूर केल्यावर इथे दिसेल.’