उपडा पेला

"सह्यांआधी एकेक चहा होऊन जाऊ दे," महासत्तेचा दूत म्हणाला.

समोरचा म्हातारा सेनापती हसला. सैन्यमाघारीवरून दोघं वर्षानुवर्षं याच टेबलाशी भांडले होते. मायदेशी दूताला सैनिक गद्दार म्हणत, युद्धविरोधी मोर्चेवाले खुनी. त्याच्या गुडघेदुखीची चौकशी करणारा जगात एकच माणूस उरला होता, हा शत्रू.

चहा संपला. "अजून एकेक?" दूताने किटली उचलली.

सेनापतीने पेला उपडा ठेवला. त्याच्या मुलखात पेला उपडा केला की बैठक उठते. "तिकडे अजून पोरं मरताहेत, दोस्ता. आमचीही, तुमचीही."

दूताने शरमून सही केली, पाठोपाठ सेनापतीने.

सेनापती निघून गेला. सचिवबाईंनी आनंदाने फोन पुढे केला. "साहेब, युद्ध संपलं! आधी कुणाला कळवायचं?"

दूत खिडकीशी गेला. ज्याला कळवावं असा माणूस एकच होता, आणि त्याची गाडी फाटकाबाहेर पडत होती.