न बघता पडायचं

या मायबाप, असे जवळ सरका. मागच्यांनाही पुढे येऊ द्या. गोष्ट लहानशीच आहे, पण ऐकताना लक्ष ठिकाणावर असू द्या. या गोष्टीतल्या भावाचं लक्ष एका क्षणापुरतं ढळलं, आणि सगळं तिथेच बिनसलं.

त्या वर्षी शहराला झोकांडी नावाच्या नाचाने झपाटलं होतं. नाच साधा. एक गिरकी घ्यायची आणि पाठीमागे ताठ कोसळायचं. जोडीदाराने जमिनीच्या वीतभर वर झेलायचं. पोस्टातले कारकून खिडकीआड एकमेकांच्या अंगावर पडत. न्हावी वस्तऱ्यासकट झोकांडी घेई आणि गिऱ्हाईक जीव मुठीत धरून बसे. हा नाच काढला होता एका बहीणभावाने, आपल्या स्वयंपाकघरात, ओटा आणि फडताळाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. ताईचा नियम एकच: पडणाऱ्याने मागे बघायचं नाही.

आता झोकांडीवर सिनेमा निघत होता. धाकट्याला नायक केलं. ताईला घेतलं नाही. दात पुढे आहेत म्हणाले. "नाचाला दात कशाला लागतात?" ती हसली. "पण तू जा हो."

शेवटच्या नाचाला घोडं अडलं. नायिका ऐन वेळी मागे बघायची आणि गुडघे मोडून खाली बसायची. "मला नाही हो जमत," ती रडकुंडीला आली.

"ताईंना बोलवा," दिग्दर्शक म्हणाला. "हिचा झगा घाला, हिचा केसांचा टोप. पाठच तर दिसणार."

ताई आली. झग्याची बटणं पाठीवर ताणली. "श्वास घेऊ की नाचू? एकच काय ते सांग रे," ती धाकट्याच्या कानात म्हणाली.

दिग्दर्शकाने धाकट्याला बाजूला घेतलं. "झेलताना खाली बघू नका. वर कॅमेऱ्यात बघून हसा. या चेहऱ्यासाठीच लोक येणार."

"पण तिच्याकडे बघितल्याशिवाय..."

"घरी रोज झेलता ना? हात आपोआप जातील."

हे ताईला सांगायला हवं होतं. सांगावं असं त्याच्या मनात आलंही. पण दिवे लागले होते, आणि तो चेहरा त्याचा होता.

संगीत सुरू झालं. ताईने गिरकी घेतली, हात छातीशी धरले, डोळे मिटले आणि झाडासारखी कोसळली. धाकटा वर बघून हसला. हात गेले, पण ती आधीच पोचली होती.

लाकडी जमिनीवर डोकं आपटल्याचा आवाज संगीतातूनही ऐकू आला.

"ताई! लागलं का ग?"

ती उठून बसली. वाकडा झालेला टोप सरळ केला. "टोपाने वाचवलं. तुझं लक्ष कुठे होतं रे?"

"घामाने हात निसटला."

तिने त्याचा हात धरून उठायला आधार घेतला. तळवा कोरडा होता. तो तिने जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "असू दे. परत करू."

या वेळी धाकट्याने तिच्यावरून नजर हलवली नाही. कॅमेरा गेला खड्ड्यात. गिरकी झाली, आणि पडण्याआधी ताईची मान वळली. जराशीच. डोळे उघडे होते. मग ती पडली. त्याने तिला अलगद झेललं, अगदी वीतभर वर. तिचा एक हात जमीन चाचपायला आधीच पसरलेला होता.

"ताईंची मान वळली," कुणीतरी म्हणालं.

"चेहरा दिसला का? नाही ना? मग चालेल," दिग्दर्शक म्हणाला. "उलट झकास वाटतंय. पुढचं घ्या."

सिनेमा धो धो चालला. आता पोस्टातले कारकून, न्हावी, शाळेतली पोरं, सगळेच पडण्याआधी मान वळवून मागे बघतात. त्यांना वाटतं, तो नाचाचाच भाग आहे. धाकटा रस्त्यात हे बघतो आणि घाईघाईने पलीकडच्या बाजूला जातो.

तर मायबाप, कुणी तशी मान वळवलेली दिसली, तर तेवढी ताईची आठवण ठेवा. ती डोळे मिटून पडायची.