कोरे समास

चित्रकथेच्या पहिल्या पानावरच्या चौकटीत ‘कथा’ या शब्दापुढे आपल्या एकट्याचे नाव असण्यात संपादकाचा फायदा काय होता? पोरांची पत्रे पोत्याने त्याच्या टेबलावर येत. मालक बैठकीत त्याला शेजारी बसवून घेत. आणि ज्या सासूबाईंनी लग्नात त्याच्याकडे धड पाहिलेही नव्हते, त्या आता चारचौघांत ‘आमचे लेखक जावई’ म्हणत. चित्रकाराचे नाव ‘चित्रे’ या शब्दापुढे असे. त्याच्या वाट्याला मानेचे दुखणे आले होते.

त्या दुपारी चित्रकाराने मुखवटाधारी महानायक वज्रपंखच्या नव्या अंकाची पाने संपादकाच्या टेबलावर ठेवली आणि समोर बसून चहा मागवला.

संपादकाने वरचे पान पाहिले, खालचे पाहिले, मग सगळा गठ्ठा पत्त्यांसारखा पिसला.

“अरे, समास कोरे आहेत!”

“हो.”

रीत अशी होती, की संपादक टेबलावर चढून, हातवारे करून दोन वाक्यांत गोष्ट सांगायचा. “वज्रपंख थकलाय! शहर त्याला झोपू देत नाही!” चित्रकार घरी जाऊन त्या दोन वाक्यांचा अख्खा अंक काढायचा, आणि कुठल्या चित्रात काय चालले आहे, कोण काय म्हणतो, ते निळ्या पेन्सिलीने समासात लिहून आणायचा. निळी रेघ छपाईत उमटत नाही. त्यावरून संपादक संवाद सजवायचा, आणि अक्षरे काढणाऱ्या बाई ते चित्रांतल्या फुग्यांत उतरवायच्या. ‘अक्षरे’ असा शब्द चौकटीत नव्हता.

“मग मी लिहू काय?”

“कथा तू लिहितोस ना?” चित्रकाराने चहावर फुंकर घातली. “चौकटीत तसं छापतोस. लिही की.”

खिडकीजवळ बाई दौत उघडून बसल्या होत्या. पाने त्याच दिवशी छापखान्यात जायची होती. गेली नाहीत तर अंक चुकणार, आणि अंक का चुकला हे मालकांना सांगावे लागणार. ते कारण संपादकाच्या तोंडून निघाले नसते.

“राजा, बाईंसमोर तमाशा नको.”

“त्यांना काय नवीन? माझं गिचमिड अक्षर तुला कोण वाचून दाखवतं?”

बाई दौतीत डोकावून बघू लागल्या.

संपादक पानांवर वाकला. “हा टोपीवाला म्हातारा... हा खलनायक.”

चित्रकार चहा पीत राहिला.

“वेषांतर केलेला खलनायक.”

“खलनायक गॅलरीत मोजे वाळत घालतोय, साहेब?” बाई म्हणाल्या.

बोलण्यात संपादकाचा हात धरणारा त्या धंद्यात कुणी नव्हता, आणि आज त्याला स्वतःच्याच गोष्टीतला माणूस ओळखता येत नव्हता. तो पुन्हा पहिल्या पानावर गेला. म्हातारा तिथेही होता, कोपऱ्यात, गर्दीच्या मागे. पुढच्या पानावर खिडकीत. वज्रपंख पूल पेलत होता तेव्हा म्हातारा दूर काठावर उभा होता. शेवटच्या पानावर वज्रपंख दमून घरी परततो, तोंडावरचा मुखवटा काढायला विसरतो, आणि दारात तोच म्हातारा. दोघांची तोंडे मिटलेली.

त्या दारावर संपादकाने बोट ठेवले. मग म्हणाला, “बाई, म्हाताऱ्याच्या तोंडी घाला : ‘हातपाय धू. जेवण गरम करतो.’”

“एवढंच?”

“एवढंच. बापाला पहिल्यापासून माहीत आहे. बोलला नाही कधी, इतकंच.”

चित्रकाराने कप खाली ठेवला.

“मी शेजारी काढला होता रे,” तो म्हणाला. “छतावर रोज धपधप होते म्हणून भांडायला आलेला.” त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “बाप! मेलो असतो तरी सुचलं नसतं. राहू दे तुझंच नाव. कथा तुझीच.”

असे वाक्य साक्षीदारासमोर मिळायला नशीब लागते. संपादकाने ते मुकाट्याने खिशात घालायचे. आजवर त्याने तेच केले होते. पण म्हातारा पानापानांतून त्याच्याकडे बघत होता. टेबलावर चढून सांगितलेल्या दोन वाक्यांत हा म्हातारा कुठेच नव्हता.

“बाई, चौकट खोडा. कथेपुढे दोघांची नावं.”

“चौकट एवढीशी, साहेब. कुणाचं तरी बारीक काढावं लागेल.”

“माझं काढा,” दोघे एकदम म्हणाले, आणि त्यावरून भांडले.

“सारखी काढते,” बाई म्हणाल्या.

शेवट सापडल्यावर बाकीचे संवाद दोघांनी एकमेकांना अडवत, ओरडत सांगितले. बाईंनी पेन्सिलीने टिपून घेतले. मग संपादकाने चित्रकाराच्या खांद्यावर हात टाकला आणि जोडी खाली मोकळ्या हवेत निघाली. पुढच्या अंकात बापाचे काय करायचे यावर आतापासूनच वाद सुरू झाला होता. दारातून संपादक वळला.

“बाई, नावांत चूक नको हं. शोभणार नाही.”

“चूक झालीच तर ती कुणाच्या नावावर जाईल, साहेब?”

दोघांनाही तो विनोद फार आवडला. जिना उतरेपर्यंत ते हसत होते.

हिशेब करायचा तर संपादकाने आपला अर्धा मान दिला, आणि चित्रकाराने इतकी वर्षे जपलेला राग. टेबलावर अख्ख्या अंकाचे फुगे कोरे पडले होते, आणि खिडकीतले ऊन समोरच्या भिंतीवर चढले होते. बाईंनी टाक दौतीत बुडवला. संध्याकाळ तेवढी त्यांची गेली.