उपटलेला प्लग

मागच्या मुक्कामात गाडीमागे ओढायच्या, राहायच्या ट्रेलरच्या दाराला हात लावताच नदीनला विजेचा झटका बसला होता. "या खेपेला विजेतला बिघाड अडवणारा सर्ज प्रोटेक्टर आणल्याशिवाय मी नाही येणार, व्हर्जिल," तिने नवऱ्याला बजावलं होतं.

कुठला घ्यायचा, हे दुकानातल्या पोरीला विचारायची व्हर्जिलला लाज वाटली. त्याने तळावरच्या विजेच्या खांबाच्या सॉकेटला बसेल असा नुसता अ‍ॅडॅप्टर उचलला आणि घरी ठोकून दिलं, "आणला!"

ओझार्कच्या डोंगरातल्या कॅम्पिंगच्या तळावर भर दुपारी त्याने तोच जोडला. एसी घुमू लागला.

"काय गार वाटतंय! गुणाचा गं बाई माझा नवरा," नदीन आतून म्हणाली.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने गुपचूप खांबावरचा प्लग उपटला.

एसी घुमतच राहिला.

ट्रेलरच्या बॅटरीवर तो कधीच चालत नसे. केबलचं टोक तर व्हर्जिलच्या हातात होतं.

"नदीन, एसी बंद कर गं."

"मघाशीच केला की! थांब, गार चहा घेऊन बाहेरच येते."

दाराला हात लावू नकोस, एवढंच त्याला ओरडायचं होतं. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. शरमेने त्याची जीभ उचलेना.

आतून दाराची मूठ फिरली, आणि त्याच्या हातातला प्लग घुमू लागला.