आठ दिवस ग्वाटेमाला

"दोघांची तिकिटं काढली," सीमा म्हणाली. "सात नोव्हेंबर. ग्वाटेमाला सिटी."

श्रीरामच्या हातातला घास हातातच राहिला. "मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर सरप्राइज कसलं?"

सासूबाई मार्चमध्ये गेल्या. त्याआधीची सात वर्षं त्यांना घरात एकटं ठेवायची सोय नव्हती. स्टोव्ह लावून विसरायच्या. थंडीत अनवाणी बाहेर पडून इथे परदेशात, ॲशबर्नच्या रस्त्यांवर सांगलीचं घर शोधायच्या. सीमानं नोकरी सोडली. एकदा श्रीराम गॅरेजमध्ये गाडीत बसून रडताना दिसला, तेव्हा तीच म्हणाली होती, "आठ दिवस कुठेतरी जाऊन ये. एकानं तरी जावं."

त्याला छोट्या म्युझियमचं जुनं वेड. मोठ्या म्युझियममध्ये माणूस हरवतो, असं म्हणायचा. म्हणून त्यानं ग्वाटेमाला निवडलं. तेव्हापासून सहा वर्षं, दर नोव्हेंबरला, एअरपोर्टची टॅक्सी दारात यायची आणि सीमा सासूबाईंचा हात धरून खिडकीतून त्याला निरोप द्यायची.

त्या आठ दिवसांत रुहीनं यावं, असं तिला फार वाटायचं. पण लेक दूर ॲन आर्बरच्या विद्यापीठात पीएचडी करत होती. "सॉरी आई, नोव्हेंबर इज क्रेझी," ती दरवर्षी म्हणायची.

संध्याकाळी सासूबाईंना भरवून झालं, की सीमा श्रीरामला फोन लावायची. व्हिडिओ नाही, तिथलं नेट बेकार होतं. पण तो सांगायचा फार छान. एरवी चार वाक्यांत संपणारा माणूस, तिथे गेला की खुलायचा. कमरेला पट्टा बांधून विणायचे माग. जुन्या स्टेशनातलं रेल्वेचं म्युझियम. आणि वाद्यांचं एक इवलंसं म्युझियम सांभाळणारी मार्ता.

मार्ता वेळ संपल्यावरही त्याच्यासाठी दार उघडं ठेवायची. मारिंबा, म्हणजे तिथलं लाकडी पट्ट्यांचं वाद्य, वाजवून दाखवायची. एका वर्षी तिनं केस कापले होते, एका वर्षी तिची आई वारली होती. सीमानं तिच्यासाठी लसणाची चटणी पाठवली, तर "मार्तानं नुसतीच खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं तरी," असा निरोप आला. सासूबाईंचे कपडे बदलताना सीमा एकटीच हसली होती.

"मला मार्ताला भेटायचंय," ती आता म्हणाली.

श्रीराम ताट तसंच ठेवून उठला.

दोन दिवस तो उशिरा घरी आला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आपण पोर्तुगालला जाऊ. ग्वाटेमालात आता बघण्यासारखं काही राहिलं नाही."

"मार्ता आहे ना?"

"सीमा, प्लीज. कॅन्सल कर."

"का पण?"

"नको विचारूस." आणि तो जॅकेट घेऊन फिरायला निघून गेला.

दार बंद झालं आणि तिला सगळं लख्ख कळलं. सहा वर्षं. एकच शहर, एकच बाई. तिचं नाव घेताना त्याचा आवाज कसा हलका व्हायचा! आपण इथे त्याच्या आईचं हगणंमुतणं काढत होतो आणि वर चटणीही कुटून देत होतो.

तिनं रुहीला फोन लावला. या जगात आता आपलं म्हणावं असं ते एकच माणूस उरलं होतं.

"रुही, तुझ्या बाबाचं तिकडे कोणीतरी आहे."

"व्हॉट? कुठे?"

"ग्वाटेमालात. ती मार्ता. सहा वर्षं, रुही! आणि मी खुळ्यासारखी रोज तिची खुशाली विचारत होते."

"आई, बाबाचं कोणी नाहीये."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस."

"नाही घेत. लिसन. मार्ता नाहीचे. मार्ता मी बनवली."

"म्हणजे?"

रुही रडत होती. "बाबा तिकडे कधी गेलाच नाही, आई. तो इथे यायचा, माझ्याकडे. दिवसभर नुसता झोपायचा. तू तिकडे एकटी राबत असताना आपण लेकीकडे झोपून राहतो, हे तुला सांगायची त्याला लाज वाटायची. आणि संध्याकाळी तुझा फोन यायच्या आधी मी त्याच्याकडून एकेक म्युझियम पाठ करून घ्यायचे."