जायची तालीम

पावणेदहाला ती घराबाहेर पडली, मागे दार लागल्याचा आवाज ऐकला, अर्धा मजला उतरली आणि जिन्यातच बसली. पाठीवर चौदा किलोंची सॅक, हातात फोन, फोनवर स्टॉपवॉच.

खरं तर तिने बस स्टॉपपर्यंत जायचं होतं. नवऱ्याशी तसंच ठरलं होतं. ती कारखान्यात सुरक्षा अधिकारी. दर तीन महिन्यांनी शिट्टी फुंकून चारशे माणसं इमारतीबाहेर काढायची आणि जिन्यात रेंगाळणाऱ्यांना सगळ्यांदेखत झापायचं, हे तिचं काम. तालीम न केलेल्या बेतावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

उन्हाळ्यातली भटकंतीही तिने तशीच आखली होती. प्लॅन ए : पाठीवर सॅक घेऊन अख्खी डोंगररांग, बेचाळीस दिवस. प्लॅन बी : अर्ध्यातूनच खाली उतरणारी वाट, अठरा दिवस. प्लॅन सी : घरी. पाय मुरगळला तर, ताप आला तर, पूल वाहून गेला तर, सगळ्याला उत्तर लिहून ठेवलेलं. राहिली होती एकटी ठकी, चार वर्षांची लेक. आजची तालीम तिच्यासाठी. सलग दहा मिनिटं रडली तर प्लॅन बी. वीस मिनिटं रडली तर सी.

भटकंतीच्या परवान्याचे अर्ज दहाला बंद होणार होते. सोबत येणारी मैत्रीण, जिला कॉलेजपासून सगळे भिंगरी म्हणत, स्वतःच्या घरी फॉर्म उघडून बसली होती.

"किती दिवस टाकू?" भिंगरीचा मेसेज आला.

"थांब."

आणि वर रडणं सुरू झालं. तिने बटण दाबलं.

आधी नुसतं कुरकुरणं, अंदाज घेतल्यासारखं. मग "आई" लांबवून, दारापाशी येऊन. दाराला छोट्या तळहातांचे फटके. तिने कठडा धरला. इथून घर अकरा पायऱ्या. दोन मिनिटं. तीन.

खालून वरच्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन चढत आल्या आणि सॅक बघून थबकल्या.

"काय गं, घर सोडून चाललीस की काय? भांडलात?"

"नाही हो काकू. तालीम करतेय."

"कसली?"

"जायची."

काकूंनी वर कान दिला, मग तिच्याकडे पाहिलं. "आमच्या वेळी नव्हत्या बाई तालमी. मी एकदाच गेले होते आठ दिवस, बहिणीकडे. परत आले तर ह्यांना स्वतःचा टॉवेल सापडत नव्हता, पोरं केस न विंचरता शाळेत गेलेली." पिशवी या हातातून त्या हातात घेत त्या पुटपुटल्या, "फार बरं वाटलं मला."

त्या वर गेल्या. सहा मिनिटं. रडण्याला आता हुंदके लागले होते. हा सूर तिला माहीत होता. यानंतर ठकीला खोकल्याची ढास लागायची, मग उलटी. नवऱ्याला हे ठाऊक आहे? कागदावर लिहिलंय का आपण? जेवण लिहिलं, औषधं लिहिली, डॉक्टरांचा नंबर दोनदा लिहिला. ढास नाही लिहिली.

आठ मिनिटं. नऊ. ती उठली. सॅकसकट तीन पायऱ्या चढली.

नऊ मिनिटं चाळीस सेकंदांना रडणं थांबलं. मध्येच, कात्रीने कापावं तसं.

ती एक पाय वरच्या पायरीवर ठेवून तशीच उभी. काहीच ऐकू येईना. पडली? घशात काही अडकलं? फोनवर मेसेज नाही. अंगठा नवऱ्याच्या नावावर गेला, थांबला. फोन केला तर तालीम मोडली. नाही केला तर...

तेवढ्यात दाराआडून हसणं आलं. आधी त्याचं, मग ठकीचं, ते पोटातून येणारं खिदळणं, जे काढायला तिला पाच-पाच मिनिटं गुदगुल्या कराव्या लागत.

नऊ चाळीस. म्हणजे पास. वीस सेकंद राखून पास. ती खाली येऊन पुन्हा बसली. आनंद व्हायला हवा होता. काकूंचं ते 'फार बरं वाटलं मला' तेवढं कानात घुमत राहिलं.

फोन वाजला. भिंगरी.

"अगं, दहाला तीन मिनिटं आहेत. बेचाळीसच्या दोनच जागा उरल्यात. काय टाकू? बोल ना!"

तिने तोंड उघडलं आणि वरचं दार उघडलं. पावलं आली. नवरा आणि त्याचं बोट धरलेली ठकी. गालांवर ओघळांचे डाग अजून ओले, दुसऱ्या हातात चेंडू, आणि बूट उलटे, उजवा डाव्या पायात.

नवऱ्याने तिला पाहिलं. "बस स्टॉप इथे आला वाटतं?"

ती ठकीकडे बघत होती. आता धावत येईल, गळ्यात पडेल, मग भिंगरीला काय सांगायचं ते आपोआप ठरेल.

ठकीने तिच्याकडे पाहिलं, सॅककडे पाहिलं. कपाळाला आठी पडली.

"आई, तू अजून गेली नाहीस?"

"निघालेच," ती म्हणाली.

"निघाले म्हणजे बेचाळीस ना?" कानात भिंगरी ओरडत होती. "टाकू?"

"टाक."

"मग सरक ना," ठकी म्हणाली. "आम्हाला खाली जायचंय."

ती सॅकसकट भिंतीकडे सरकली. बूट नीट करायला हात पुढे गेला होता, तो तिने मागे घेतला. ठकी बाबाचं बोट सोडून, कठडा धरून, उलट्या बुटांनी एकेक पायरी उतरत गेली.