सरकारी बांधकाम

“गोल्ड कोस्ट वसाहतीच्या तिजोरीत खडखडाट आहे,” असं सांगून गोऱ्या साहेबाने रस्त्याचा अर्ज तीनदा परत पाठवला. शेवटी ओपाँग दवंडीवाल्याने घंटा बडवून गाव गोळा केलं, आणि कोको बंदरावर न्यायला नऊ मैलांचा रस्ता गावाने स्वतःच बांधला.

महिन्याभरात सरकारी सिमेंट, लोखंड आणि गवंडी दारात हजर!

“बघा नाना, साहेबाला लाज वाटली! आता आपल्या रस्त्यावरचा लाकडी पूल पक्का होणार,” ओपाँग गावप्रमुखांना म्हणाला आणि गवंड्यांसाठी त्याने घरची कोंबडी कापली.

काम संपताच साहेबाने त्यालाच दवंडी पिटायला लावली.



“ऐका हो ऐका! आपल्या रस्त्यावर सरकारने फाटक बांधलंय. कोको रेल्वेनेच न्यायचा, नाहीतर सरकारची रेल्वे तोट्यात जाते होऽऽ!”